अन्नसाखळीच्या चित्रातून मेलेलं सगळं कुठे गेलं?

पानगळ

गवत, नाकतोडा, बेडूक, साप, घार. हे चित्र आपण सगळ्यांनी कधी ना कधी काढलं आहे. बाण वर चढत जातात आणि घारीपाशी संपतात. त्यात चूक काही नाही, पण त्या चित्राला एक प्रश्न विचारून पाहा: जंगलात वर्षभरात जेवढी हिरवाई तयार होते, त्यातली किती कुणीतरी जिवंतपणी खातं? बहुतेक जंगलांत उत्तर १० टक्क्यांच्या आतच येतं. बाकीची पानं, फांद्या, खोडं, मुळं आधी मरतात आणि मग खाल्ली जातात. चरणारे मोठे कळप असलेल्या गवताळ प्रदेशात जिवंतपणी खाल्ला जाणारा वाटा बराच वाढतो, खुल्या समुद्रात आणखी वाढतो. पण जंगलापुरतं बोलायचं तर मुख्य वाट पाचोळ्यातून जाते आणि शाळेतल्या चित्रात नेमकी तीच नसते. असलीच तर कोपऱ्यात 'विघटक' असा एक चौकोन, त्यात एक भूछत्र, आणि त्याच्याकडे जाणारा एखादा तुटक बाण.

त्या चौकोनाच्या आत काय चालतं ते नीट लिहावंसं वाटलं, म्हणून हा धागा.

पान गळण्याआधी झाड त्यातला नायट्रोजन आणि फॉस्फरस बऱ्यापैकी परत ओढून घेतं. खाली पडतो तो मुख्यतः सेल्युलोज आणि लिग्निन या पेशीभित्तींतल्या चिवट पदार्थांचा सांगाडा. विरघळणारी साखर पहिल्या ओलीतच निघून जाते. मग बुरशीचे तंतू आत शिरतात. लिग्निन पुरतं फोडू शकणारे जीव फार थोडे आहेत, आणि लाकडाला पांढरी कूज आणणाऱ्या बुरशा त्यांत सगळ्यांत पुढे. पान मऊ पडलं की कोलेंबोला (मातीतले चिमुकले उड्या मारणारे जीव) आणि माइट (कोळ्यांचे सूक्ष्म भाऊबंद) येतात. यातले बरेच जण पान खातच नाहीत, पानावरची बुरशी चरतात. वाणी आणि गांडुळं पान कुरतडतात, गिळतात, पण त्यांच्या अंगी लागतं त्यात पानावरच्या सूक्ष्मजीवांचा वाटा मोठा असतो. न पचलेला भाग बारीक होऊन बाहेर पडतो, त्यावर पुन्हा जिवाणू बसतात, आणि तीच विष्ठा आणखी कुणीतरी खातं. एकच पान असं पुन्हा पुन्हा खाल्लं जातं. तिकडे जिवाणूंना अमीबा आणि सूत्रकृमी खातात, सूत्रकृमींना शिकारी माइट खातात, कोलेंबोलाच्या मागे गोम आणि कोळी असतात. पायाखालच्या वीतभर थरात शिकारीचं अख्खं जग आहे, आणि ते सगळं मेलेल्या पानावर उभं आहे.

आता बाण पुढे न्या. गांडूळ कस्तुर पक्ष्याने खाल्लं. शेणात वाढलेली माशी कोळ्याने धरली, कोळी सरड्याने गिळला. कस्तुराला आणि सरड्याला शिक्रा या शिकारी पक्ष्याने उचललं. म्हणजे अगदी वर बसलेला शिक्राही बऱ्याच अंशी गळलेल्या पानांवर जगतो. हिरव्या पानांची साखळी आणि पाचोळ्याची साखळी वर गेल्यावर एकमेकींत मिसळतात. एकच काढून दुसरी सोडली, तर शिक्रा कशावर जगतो याचं उत्तर अर्धंच मिळतं.

ही काही नवी कल्पना नाही. व्हिक्टर समरहेज आणि चार्ल्स एल्टन यांनी आर्क्टिकमधल्या बेअर आयलंडच्या जीवसृष्टीवर १९२३ साली लेख लिहिला. त्यातली आकृती अन्नजाळ्याच्या सर्वांत जुन्या चित्रांपैकी एक. तिच्यात ध्रुवीय कोल्हा आहे, समुद्रपक्षी आहेत, आणि त्यांच्याच रांगेत विष्ठा, मेलेल्या वनस्पती आणि जिवाणूही आहेत. पुढे चित्र सोपं होत गेलं तेव्हा गळाले ते नेमके हे. सोपं करायला माझी हरकत नाही. पण मोठा प्रवाह पुसून छोटा तेवढा ठेवायचा, हे मला पटत नाही.

तुम्हाला काय वाटतं? शिकवणाऱ्यांनी तर जरूर लिहा.

शंकानिरसन

छान धागा. पण इथे एक गोंधळ होईल असं वाटतं. आम्ही शिकलो तो '१० टक्क्यांचा नियम' वेगळा ना? एका पायरीवरून पुढच्या पायरीवर दहावा हिस्सा ऊर्जा जाते, तो?

पानगळ

हो, वेगळा, आणि बरं झालं विचारलंत. मी वर लिहिलं ते 'किती खाल्लं जातं' याबद्दल. तुम्ही म्हणता तो नियम 'खालच्या पायरीवर जेवढं तयार झालं त्यातलं वरच्या पायरीच्या अंगात किती साठलं' याबद्दल. त्याची सुरुवात रेमंड लिंडमन यांच्या मिनेसोटातल्या सीडर बॉग लेकवरच्या कामातून झाली. त्यांचा लेख आधी परीक्षकांनी नाकारला होता. त्यांचे मार्गदर्शक हचिन्सन यांनी आग्रह धरला म्हणून तो १९४२ साली छापून आला, तोवर लिंडमन ऐन तारुण्यात गेले होते. परिसंस्थेकडे ऊर्जेच्या हिशेबाने बघायची सवय आपल्याला त्या एका लेखाने लावली.

१० टक्के ही ढोबळ सरासरी आहे, प्रत्यक्षात साधारण ५ ते २० टक्क्यांमध्ये आकडा हलतो. पाठ्यपुस्तकांत सुरवंटाचं उदाहरण असतं: २०० ज्यूलचं पान खाल्लं तर साधारण १०० ज्यूल विष्ठेतून जातात, ६७ श्वसनात खर्च होतात, ३३ अंगात साठतात. आपल्यासारख्या उष्ण रक्ताच्या प्राण्यांची स्थिती याहून बिकट. पक्षी आणि सस्तन प्राणी पचवलेल्या ऊर्जेतला जेमतेम १ ते ३ टक्के भाग वाढीला लावतात, बाकीचा शरीर गरम आणि चालू ठेवण्यात जातो. म्हणूनच साखळी क्वचितच चार-पाच पायऱ्यांपलीकडे जाते.

आता सुरवंटाच्या त्या १०० ज्यूलकडे बघा. पुस्तक ते 'वाया गेले' म्हणून सोडून देतं. श्वसनातले ६७ खरंच उष्णता होऊन गेले, ते कुणालाच परत मिळणार नाहीत. पण विष्ठेतले १०० कुठे गेलेले नाहीत. ते झाडाखाली पडले आहेत आणि शेकडो जीव त्यांची वाट बघत आहेत.

दूरबीण

वाचतोय. वाचनखूण साठवली.

कडेकपारी

लेख आवडला, पण थोडा विरोध नोंदवतो. परिसंस्थेचा तोल वरचा शिकारी राखतो, हे इतक्या ठिकाणी दिसलंय की 'मुख्य वाट पाचोळ्यातून' म्हटल्याने लोकांचं लक्ष भलतीकडे जाईल. रॉबर्ट पेन यांनी वॉशिंग्टनच्या किनाऱ्यावर खडकांवरचे तारामासे उचलून फेकायला सुरुवात केली आणि १९६६ साली निष्कर्ष छापले. तारामासे गेल्यावर शिंपल्यांनी जागा बळकावली आणि १५ जातींच्या जागी ८ उरल्या. 'कीस्टोन' जात, म्हणजे जी गेली की सगळी रचना बदलते अशी जात, ही कल्पना तिथूनच आली. अलास्काच्या अल्यूशियन बेटांचं उदाहरण तर प्रसिद्धच आहे. फरसाठी समुद्री पाणमांजरं मारली गेली, ती ज्यांना खात ते काटेरी सी अर्चिन बेसुमार वाढले आणि त्यांनी केल्पची, म्हणजे मोठ्या समुद्री शेवाळाची, जंगलं साफ केली. जिथे पाणमांजरं परत आली तिथे केल्प परत आलं. जेम्स एस्टेस आणि जॉन पाल्मिसानो यांनी १९७४ साली हे मांडलं. यात पाचोळा कुठे आहे?

पानगळ

कडेकपारी, तुमची दोन्ही उदाहरणं मला मान्य आहेत, आणि पेन यांच्या प्रयोगाबद्दल तर मनापासून आदर आहे. हाताने जीव उचलून बाजूला केल्यावर काय बदलतं ते बघायचं, इतकी सरळ पद्धत त्याआधी फार थोड्या जणांनी वापरली होती.

पण पाणमांजरांच्या गोष्टीचा पुढचा भाग सहसा सांगितला जात नाही. केल्प वाचलं, ठीक. मग ते केल्प खातं कोण? जिवंत केल्प अंगावर घेणारे थोडे. बाकीचं तुटतं, झिजतं, त्याचे कण होऊन पाण्यात तरंगतात. डगिन्स, सिमेनस्टॅड आणि एस्टेस यांनी १९८९ साली दाखवलं की पाणमांजरं असलेल्या बेटांभोवती शिंपले आणि बार्नॅकल (खडकांना चिकटून राहणारे कवचधारी जीव) २ ते ५ पट वेगाने वाढत होते, कारण ते केल्पचे हे मेलेले कण गाळून खात होते. शिकाऱ्याने किल्ली फिरवली हे खरं, पण दार उघडलं ते पाचोळ्याच्या खोलीचं. माझा मुद्दा शिकाऱ्याच्या विरोधात नाहीच. शिकारी किती पान वाचवायचं ते ठरवतो, वाचलेलं पान शेवटी कुणाच्या पोटात जातं ते मला चित्रात हवंय.

कडेकपारी

१९८९ चं काम माहीत नव्हतं. हे चांगलं सांगितलंत. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातही असंच काही?

पानगळ

यलोस्टोनबद्दल जपून बोलायला हवं. १९९५ साली लांडगे परत सोडले, एल्क जातीची हरणं कमी झाली, काही ठिकाणी विलो आणि अ‍ॅस्पन ही झाडं वाढली, इथपर्यंत ठीक. पण 'लांडग्यांनी नद्या बदलल्या' ही गोष्ट जितकी पसरली तितका तिचा पुरावा पक्का नाही. एल्क कमी होण्यात अस्वलं, प्यूमा आणि माणसाची शिकार यांचाही हात आहे. त्याहून महत्त्वाचं, लांडगे नसताना ओढ्याकाठचे बीव्हर गेले, त्यांचे बांध गेले, ओढ्यांनी पात्र खोल खणलं आणि भूजल खाली गेलं. पाणीच खोल गेल्यावर नुसते चरणारे कमी करून विलो पूर्वीसारखा होत नाही. काढून टाकलेला दुवा परत जोडला की सगळं आपोआप पूर्ववत होतं, असा भरवसा मला कुणाला द्यावासा वाटत नाही. दुवा तुटू न देणं फार सोपं असतं.

निळाई

समुद्रावर काम करते, म्हणून लिहितेय. जमिनीवरचा मनोरा खाली रुंद आणि वर निमुळता असतो: वनस्पतींमध्ये सुमारे ४५० अब्ज टन कार्बन आणि समुद्रातले धरूनही पृथ्वीवरच्या सगळ्या प्राण्यांमध्ये मिळून सुमारे २ अब्ज टन (२०१८ चा बार-ऑन, फिलिप्स आणि मिलो यांचा अंदाज). समुद्रात हाच मनोरा उलटा दिसतो. उत्पादकांचा साठा सुमारे १ अब्ज टन, आणि त्यांच्यावर जगणाऱ्यांचा, जिवाणू आणि एकपेशीय जीव धरून, सुमारे ५ अब्ज टन. नव्याने शिकणाऱ्यांना हे अशक्य वाटतं. उलगडा वेगात आहे. वनस्पतीप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म उत्पादक, काही दिवसांत दुप्पट होतात आणि तितक्याच वेगाने खाल्ले जातात, त्यामुळे कुठल्याही क्षणी मोजलं तर ते थोडे दिसतात. पृथ्वीवरच्या प्रकाशसंश्लेषणाचा जवळपास अर्धा भाग मात्र तेच करतात. साठा मोजायचा की प्रवाह, हे आधी ठरवल्याशिवाय मनोरा काढू नये.

पानगळ यांच्या मुद्द्याला समुद्रात जोडीदार आहे. प्लवकांतून विरघळलेले सेंद्रिय पदार्थ पाण्यात झिरपत राहतात. मासा ते पिऊ शकत नाही, जिवाणू शोषून घेतात. जिवाणूंना कशाभिकाधारी (चाबकासारख्या शेपटीने पोहणारे) एकपेशीय जीव खातात, त्यांना त्यांच्याहून मोठे एकपेशीय, त्यांना प्राणीप्लवक, आणि निसटलेलं अन्न फिरून मोठ्या साखळीत परत येतं. फारूक आझम आणि सहकाऱ्यांनी १९८३ साली याला 'मायक्रोबियल लूप' म्हटलं. त्यात विषाणूंची भर: समुद्राच्या वरच्या थरातले साधारण पाचव्या हिश्शाएवढे जिवाणू रोज विषाणूंमुळे फुटतात असा अंदाज आहे. फुटलेल्या पेशीतलं सगळं पुन्हा पाण्यात, पुन्हा दुसऱ्या जिवाणूंच्या वाट्याला. ते वर चढतच नाही. हा बाण तर कुठल्याच शालेय चित्रात मी पाहिलेला नाही.

सूक्ष्मदर्शी

विषाणूंचा विषय निघालाच आहे तर परजीवींचं सांगतो. अन्नजाळं काढताना आपण त्यांना वगळतो कारण ते दिसत नाहीत, आणि मग जाळं पूर्ण झालं असं समजतो. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या कार्पिन्टेरिया खाजणाचं जाळं परजीवींसकट मांडलं (लॅफर्टी आणि सहकारी, २००६) तेव्हा एकूण दुव्यांपैकी सुमारे ७५ टक्के दुव्यांत परजीवी निघाले. २००८ साली कुरिस आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्निया आणि मेक्सिकोतल्या बाहाच्या खाड्यांत वजन केलं, तर परजीवींचं एकूण वजन तिथल्या वरच्या शिकाऱ्यांपेक्षा, म्हणजे पक्ष्यांपेक्षा, जास्त भरलं.

माझं सर्वांत आवडतं काम जपानमधल्या सातो आणि सहकाऱ्यांचं, २०११ चं. घोड्याच्या केसासारखा दिसणारा एक कृमी रातकिड्यांच्या आणि टोळांच्या पोटात वाढतो. प्रजननासाठी त्याला पाणी लागतं, म्हणून तो यजमानाचं वागणं असं बदलतो की किडा स्वतःहून ओढ्यात उडी घेतो. ओढ्यात ट्राउट वाट बघत असतात. त्या ओढ्यात ट्राउटला वर्षभरात मिळणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे ६० टक्के या उड्या मारणाऱ्या किड्यांतून येत होती. पुढच्या वर्षी छापलेल्या प्रयोगात त्यांनी किडे ओढ्यात पडू दिले नाहीत. ट्राउट पाण्यातल्या कीटकांवर तुटून पडले, ते कीटक कमी झाल्याने दगडांवरचं शेवाळ वाढलं आणि पाण्यात पडलेली पानं कुजण्याचा वेग मंदावला. पानगळ, तुमचा पाचोळा इथेही आला.

पानगळ

सूक्ष्मदर्शी, हे अप्रतिम आहे! जंगलातला किडा, त्याच्या पोटातला कृमी, ओढ्यातला मासा आणि तळाशी कुजणारं पान, सगळे एका धाग्यात. जमीन आणि पाणी ही दोन वेगळी प्रकरणं करून शिकवली की हे सुटतंच.

उलट दिशेचं उदाहरण सॅमनचं. समुद्रात वाढलेला सॅमन अंडी घालायला नदीत चढतो, अस्वलं त्याला पकडून काठावरच्या झाडीत नेतात, अर्धवट खाऊन टाकतात. उरलेल्यावर अळ्या, पक्षी, बुरशी. त्या झाडांच्या लाकडात समुद्राकडून आलेला नायट्रोजन सापडतो.

शंकानिरसन

तो नायट्रोजन समुद्रातलाच आहे हे कळतं कसं? आणि एकूणच कोण काय खातं हे कसं ठरवतात? प्रत्येकाच्या मागे दुर्बीण घेऊन तर बसता येत नाही.

निळाई

नायट्रोजनचे दोन स्थिर प्रकार असतात, १४ आणि १५ वजनाचे. प्राणी खातो तेव्हा हलका प्रकार जास्त बाहेर टाकतो, जड थोडा जास्त अंगात राहतो. त्यामुळे दर पायरीला जड प्रकाराचं प्रमाण सरासरी ३.४ प्रति हजार इतकं वाढतं. सॅमन समुद्रात बऱ्याच वरच्या पायरीवर वाढलेला असतो, म्हणून त्याचा नायट्रोजन नदीकाठच्या मातीतल्या नायट्रोजनपेक्षा वेगळा ओळखू येतो. कार्बनच्या अशाच दोन प्रकारांचं प्रमाण पायरीगणिक फारसं बदलत नाही, पण मुळात कुठल्या प्रकारच्या वनस्पतीपासून सुरुवात झाली ते सांगतं. जोडीला पोटातलं अन्न तपासणं आणि विष्ठेतला डीएनए. विष्ठेच्या डीएनएमधून मऊ शरीराचं भक्ष्यही सापडतं, जे पूर्वी पचून जायचं आणि नोंदीत यायचंच नाही.

खडूफळा

मी माध्यमिकला शिकवते. धाग्यात विचारलं आहे म्हणून वर्गातली अडचण सांगते. मुलं बाण हमखास उलटा काढतात: घारीकडून सापाकडे. 'घार सापाला खाते' हे वाक्य डोक्यात असतं, म्हणून बाणही तसाच जातो. आता त्यात हे सगळं कसं घालू?

पानगळ

खडूफळा ताई, माझ्या मते दोन्ही प्रश्नांवर एकच उपाय लागू पडेल. चित्राची सुरुवात मेलेल्या वस्तूपासून करा. फळ्याच्या मधोमध एक गळलेलं पान किंवा मेलेला उंदीर. मेलेला उंदीर कुणाच्या मागे धावत नाही, त्यामुळे 'कोण कुणाला पकडतं' हा विचार गळून पडतो आणि 'यातलं अन्न कुठे जातं' एवढंच उरतं. बाण आपोआप सरळ निघतो. मग हळूहळू जिवंत हिरवं पान आणा. प्रत्येक प्राण्याकडून दोन बाण काढायला सांगा, एक त्याला खाणाऱ्याकडे, एक मेलेल्या पदार्थांच्या चौकोनाकडे. आणि त्या चौकोनातून बाहेर जाणारे बाण विसरू देऊ नका: एक कोलेंबोला, गांडूळ, माशीकडे, आणि एक क्षारांच्या रूपात परत झाडाच्या मुळाकडे. ऊर्जा एकदाच वापरता येते, नायट्रोजन आणि फॉस्फरस पुन्हा पुन्हा, हा फरक त्या दोन बाणांत दिसतो. जमल्यास जाड-बारीक बाण काढून घ्या. जंगलाच्या चित्रात सर्वांत जाड बाण कुठला, हे मुलांनाच शोधू द्या.

दूरबीण

एवढा वेळ नुसता वाचत होतो, पण मेलेल्या उंदराचा विषय आला म्हणून गिधाडं आठवली. भारतात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या १९९२ ते २००७ या काळात ९९.९ टक्क्यांनी घटली. गुरांना दिलेलं डायक्लोफेनॅक मेलेल्या जनावराच्या मांसातून त्यांच्या पोटात जायचं आणि मूत्रपिंडं निकामी व्हायची. कारण २००४ साली पाकिस्तानातल्या अभ्यासातून स्पष्ट झालं, भारतात जनावरांसाठी या औषधावर २००६ साली बंदी आली. तोवर मेलेली गुरं भटक्या कुत्र्यांच्या वाट्याला गेली होती. मृतभक्षींना आपण चित्राच्या कोपऱ्यात ठेवलं, आणि ते संपत आले तेव्हा फार उशिरा लक्षात आलं, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. गिधाडाची वाढ इतकी हळू असते, वर्षाला एकच अंडं, की संख्या भरून यायला कित्येक पिढ्या जातील.

पानगळ

दूरबीण, पूर्ण सहमत. आणि यात एक जास्तीची गोष्ट दिसते: मेलेल्यावर जगणारे सगळे एकमेकांची जागा घेऊ शकत नाहीत. गिधाडांचा थवा जनावर काही तासांत साफ करतो, त्यांच्या जठरातलं तीव्र आम्ल बरेच रोगजंतू मारतं. कुत्रा तेच मांस खातो, पण सावकाश, अर्धवट, आणि रेबीज घेऊन फिरू शकतो. 'विघटक' हा एकच चौकोन काढला की हा फरक दिसायला जागाच राहत नाही.

शंकानिरसन

शेवटचा प्रश्न. मेलेलं सगळंच कुणीतरी खातं का? मग दगडी कोळसा कुठून आला?

पानगळ

सगळं नाही. खाणाऱ्याला श्वास घेता आला पाहिजे. दलदलीत पाणी साचून राहिलं की प्राणवायू आत पोचत नाही, लिग्निन फोडणाऱ्या बुरशांचं काम थांबतं, आणि दरवर्षी पडणारा पाला दरवर्षी कुजणाऱ्यापेक्षा जास्त होत जातो. तो साचून पीट होतो, आणि गाडला जाऊन, दाब आणि उष्णता मिळून, कोट्यवधी वर्षांत कोळसा. आजही पीटच्या जमिनी पृथ्वीच्या भूभागाच्या सुमारे ३ टक्केच आहेत, पण त्यांत जगातल्या सगळ्या जंगलांच्या झाडाझुडपांपेक्षा जास्त कार्बन आहे. चर खणून त्यांतलं पाणी काढलं की हवा आत जाते, आणि हजारो वर्षं उपाशी असलेली ती पाचोळ्याची साखळी खायला सुरुवात करते. कार्बन डायऑक्साइड बाहेर पडू लागतो, जमीन वर्षागणिक खाली बसते. म्हणून पीट वाचवायचं काम करणारे लोक सर्वांत आधी ते चर बुजवतात.